बारीक लांब लिमिटेड एडिशन सिगार कसा चाखायचा, आणि कोकणच्या हवेत तो आधी वाचवायचा कसा

सिगारबद्दल लिहायचंय पण सुरुवात मिठाच्या बरणीपासून करतो. आमच्याकडे देवगडला मृगाचा पाऊस एकदा बसला की आठवड्याभरात मिठाला पाणी सुटतं, चमचा रुतून बसतो, मग आजी त्यात चार तांदूळ टाकते. मीठ हवेतलं पाणी ओढायला लागतं ते साधारण 75 टक्के आर्द्रतेच्या वर. म्हणजे बरणी रडायला लागली की समजायचं घरातली हवा 75च्या पुढे गेली, आणि सिगारला पाहिजे असते 62 ते 69च्या मधली. तेव्हा ज्या घरात मीठ सुटतं त्या घरात उघडा ठेवलेला सिगार फुगणारच, नीट जळणार नाही, आणि तुम्ही म्हणणार ब्रँड फालतू.

मी हेच केलं. मामेभाऊ जहाजावर असतो, गणपतीला घरी आला तेव्हा माझ्यासाठी तीन सिगार घेऊन आला, बारीक, लांब, दोन कागदी पट्ट्यांचे, बॉक्सवर लिमिटेड एडिशन लिहिलेलं. गणपती गेल्याच्या रात्री धीर धरवेना म्हणून पडवीत बसून त्यातला एक पेटवला. ओढायला जड, एका बाजूने जळतोय, तीनदा विझला, शेवटी नुसता कडू. वर आजी आतून विचारते, "मेल्या, हो धूप खंयसून हाडलंस?" मी वहीत 71 मार्क लिहिले आणि भावाला फोन करून सांगितलं की तुला कोणीतरी गंडवलं. दुसरा सिगार नोव्हेंबरच्या शेवटी काढला, तोपर्यंत तो डब्यात नीट पडून होता, आणि खरं सांगतो, दोन्ही एकाच बॉक्समधले यावर माझा विश्वास बसेना. त्या दोन संध्याकाळींमध्ये जे शिकलो ते सगळं इथे लिहितोय.

आधी एक गोष्ट साफ सांगून टाकतो. सिगार निरुपद्रवी नाही, धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका राहतोच, आणि एका सिगारमध्ये निकोटिन एका सिगारेटपेक्षा बरंच जास्त असतं. जे ओढत नाहीत त्यांनी हा लेख वाचून सुरू करायचं काही कारण नाही. 18च्या खालच्यांना विकणं हा गुन्हा आहे, हॉटेल आणि स्टँडसारख्या सार्वजनिक ठिकाणी ओढायला 2 ऑक्टोबर 2008पासून बंदी आहे. मी ओढलेल्या सिगारच्या ब्रँडचं नाव पण कुठे देणार नाही, तंबाखूची जाहिरात मला करायची नाहीये.

बारीक म्हणजे नक्की किती

सिगारची जाडी रिंग गेजमध्ये मोजतात. एक रिंग म्हणजे इंचाचा 64वा भाग. 64 रिंगचा सिगार बरोबर एक इंच जाड. आजकाल दुकानात दिसणारे जाडजूड सिगार 50, 54, 60 रिंगचे असतात. आपण ज्याच्याबद्दल बोलतोय तो लान्सेरो, 38 रिंगच्या आसपास, म्हणजे जाडी जेमतेम 15 मिलीमीटर, आणि लांबी सात-साडेसात इंच. क्युबात हा आकार गाजला तो कोहिबा ब्रँडमुळे, हवानाच्या एल लागितो कारखान्यात तो वळला जायचा, 192 मिलीमीटर लांब आणि 38 रिंग, आणि टोकाला पानाची पिळलेली छोटी शेंडी. याच्याहून आखूड बारीक सिगारला पानेतेला म्हणतात, पण नावात प्रत्येक कंपनी आपलं घोडं दामटते, तेव्हा नाव सोडा, जाडी बघा.

आता गंमत काय आहे, हिशोब करा. 38 रिंगच्या सिगारच्या पोटात 50 रिंगच्या मानाने माल बसतो फक्त 58 टक्के, पण वरच्या पानाचा घेर राहतो 76 टक्के. म्हणजे आतला तंबाखू कमी झाला तितकं वरचं पान कमी झालं नाही. करंजीचं उदाहरण घ्या, लहान करंजीत सारण कमी आणि पारीची चव जास्त. सिगारमध्ये ते वरचं पान, ज्याला रॅपर म्हणतात, तेच सगळ्यात महाग आणि चवीचं पान असतं, म्हणून जाणकार लोक बारीक सिगारवर जीव टाकतात. रॅपरच्या खाली एक बांधणारं पान असतं, बाईंडर, आणि आत फिलर. फिलरमध्येही झाडाच्या वेगवेगळ्या उंचीवरची पानं असतात, खालचं पान वोलाडो, ते चांगलं जळतं, मधलं सेको, ते वासाला, आणि वरचं लिगेरो, उन्हात भाजलेलं, जाड, कडक, सगळ्यात हळू जळणारं. बारीक सिगारमध्ये या तिघांना बसवायला जागाच नसते, एक पान जरा जास्त झालं की धूर अडकला. वळणाऱ्याचा हात किती तयार आहे ते इथे कळतं, जाड सिगारमध्ये चुका लपून जातात.

लिमिटेड एडिशन या शब्दाला किती भाव द्यायचा

माझ्या मते शून्य मार्क. म्हणजे शब्दाला शून्य, मालाला जे असतील ते. क्युबाच्या हाबानोस कंपनीचं एदिसिओन लिमितादा 2000 साली सुरू झालं, त्यात निदान अर्थ तरी ठरलेला आहे, रॅपरचं पान कमीत कमी दोन वर्षं मुरवलेलं, आणि 2007पासून आतली पानंसुद्धा तशीच दोन वर्षं मुरवलेली, सिगारवर नेहमीच्या पट्टीखाली काळी-सोनेरी दुसरी पट्टी आणि तिच्यावर वर्ष. बाकी देशांत कंपन्या आपापल्या मनाने लिमिटेड म्हणतात, कोणी वळलेल्या नगांची संख्या छापतं, कोणी काहीच छापत नाही. तेव्हा विकत घेताना विचारायचं की नक्की काय लिमिटेड आहे, पान जुनं आहे की आकार नवा आहे की फक्त पट्टी वेगळी आहे. पट्टी वेगळी असली तर जाऊ दे.

क्युबन म्हणून कोणी दिला तर बॉक्स बघा, हिरवा-पांढरा शिक्का, त्यावर होलोग्राम आणि बारकोड असतो. काचेच्या झाकणाचा बॉक्स कोणी "डायरेक्ट फॅक्टरीचा माल" म्हणून दाखवला तर हसून नमस्कार करायचा. परदेशातून कोणी आणत असेल तर किती सिगारपर्यंत ड्यूटी माफ आहे ते आधी बघायचं, 2016च्या बॅगेज नियमांत ती मर्यादा 25 होती, जास्त आणले तर कस्टमला सांगायचं.

डबा, जो सगळ्यात महत्त्वाचा

लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे सिगार ठेवायची खास पेटी, घेऊ नका. दिसायला छान, पण आमच्या हवेत जुलैमध्ये ते लाकूडच फुगतं आणि झाकणाच्या फटीतून बाहेरची 90 टक्के हवा आत. रबराची पट्टी असलेला, चार बाजूंनी खटकन बसणारा प्लास्टिकचा जेवणाचा डबा घ्या, नवा, मसाल्याचा वास न लागलेला. त्यात ओलावा सांभाळणारी पुडी टाका, बोवेडा वगैरे, ती हवा कोरडी असली तर ओल सोडते आणि ओली असली तर शोषून घेते. पुड्यांवर आकडे असतात, 62, 65, 69, 72. बारीक सिगारसाठी मी 62 वापरतो, लोक म्हणतील कमी आहे, पण बारीक सिगार ओला असेल तर अजिबात श्वास घेत नाही, आणि आपण डबा उघडतो तेव्हा दर वेळी बाहेरची ओली हवा आत जातेच.

आत छोटा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं यंत्र, ठेवा, पण त्याच्यावर विश्वास ठेवायच्या आधी त्याची परीक्षा घ्या, आणि इथे परत मीठ. बाटलीच्या बुचात चमचाभर मीठ घ्या, दोन-चार थेंब पाणी घालून नुसतं ओलसर करा, विरघळवू नका, ते बूच आणि हायग्रोमीटर एका घट्ट पिशवीत बंद करा आणि आठ-दहा तास हात लावू नका. आकडा 75 आला पाहिजे. माझा 81 दाखवत होता, म्हणजे सहा जास्त सांगतो, ते मी त्याच्या पाठीवर पेनाने लिहून ठेवलंय.

दुसरा शत्रू किडा. तंबाखूचा छोटा तपकिरी भुंगा, पानात अंडी आधीपासून असू शकतात आणि तापमान 25च्या वर राहिलं की बाहेर यायची भीती. आणि कोकणात दिवसा पारा बाराही महिने 25च्या वर जातो. टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं की समजायचं. म्हणून नवा माल आला की दोन घट्ट पिशव्यांत घालून एक दिवस फ्रिज, मग तीन दिवस फ्रीजर, मग परत एक दिवस फ्रिज, मग बाहेर. सरळ फ्रीजरमधून बाहेर काढला तर रॅपर तडकतं. आणि फ्रिजमध्ये कायमचा ठेवू नका, आमच्या फ्रिजमध्ये सुकट असते, एकदा एक पिशवी नीट बंद झाली नव्हती, तो सिगार मी कोणाला दिला नाही आणि स्वतःही ओढला नाही.

प्रवासातून आलेला सिगार निदान तीन आठवडे डब्यात शांत पडू द्या. पांढरी पावडर दिसली तर घाबरण्याआधी नीट बघा, पण सरळ सांगतो, आपल्याकडे ती शंभरातल्या नव्वद वेळा बुरशीच असते, केसाळ आणि डागाडागाने आलेली. टोकाच्या उघड्या बाजूला म्हणजे पायाला बुरशी असेल तर फेकून द्या.

जागा आणि वेळ

समुद्रावर बसून सिगार ओढायचा फोटो चांगला येतो, चव येत नाही. वारा बारीक सिगारला भट्टीसारखा फुलवतो, एक बाजू पळते, धूर गरम होतो. दिवसा समुद्राकडून खारे वारे, रात्री जमिनीकडून मतलई, आणि यांच्या अदलाबदलीत दिवेलागणीनंतर थोडा वेळ वारा पडतो, झावळ सुद्धा हलत नाही, तो वेळ धरायचा. पडवी किंवा तीन बाजूंनी बंद असलेली जागा. महिना म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

पण तीच वेळ डासांची. कासवछाप लावली की संपलं, त्या वासात काही कळत नाही. अंगाला मलम लावलंत तर हातांना लावू नका, हातच तोंडाशी जाणार आहेत. शेजारी कोणी पातेरा जाळत असेल किंवा न्हाणीच्या चुलीत नारळाची सोडणं घातली असतील तर त्या दिवशी मूल्यमापन नको, नुसता ओढा हवं तर. मी पहिल्या वहीत अगदी आत्मविश्वासाने "खारट, ओठांवर रेंगाळणारी चव" असं लिहिलंय. ती समुद्राची होती. ओठ पुसून परत ओढला तर गायब.

जेवून तास-दीड तास झालेला असावा. उपाशीपोटी कधीच नाही, निकोटिन लागतं, घाम फुटतो, घेरी येते. तसं झालंच तर सिगार खाली ठेवा, गुळाचा खडा तोंडात टाका, पाणी प्या, पडून राहा. जेवण मात्र साधं, पेज किंवा वरण-भात, त्या दिवशी तिखलं नको. बरोबर प्यायला साधं पाणी सगळ्यात चांगलं, नाहीतर बिनसाखरेचा फिका कोरा चहा. सोलकढी किंवा कोकम सरबत नको, आंबट लागलं की जिभेला धुराची सगळी गोडी हरवते. काजूची फेणी बरोबर घेणारे आहेत आमच्यात, पण फेणीचा वास असा की समोर सिगार आहे की उदबत्ती हेही कळायचं नाही.

न पेटवता किती कळतं

निम्मं. खरंच निम्मं. पट्टी खाली सरकवा किंवा काढा, म्हणजे सोनेरी रंग डोळ्यांना भुलवणार नाही. दोन बोटांत हलकेच दाबत पायापासून डोक्यापर्यंत जा, पिकायला आलेला हापूस जसा अंगठ्याने बघतो तसं, रुतवायचा नाही. कुठे दगडासारखी गाठ लागली तर तिथे धूर अडणार, कुठे पोकळ लागला तर तिथे पळत जळणार. रॅपरवरच्या शिरा बारीक हव्यात, तेलाची हलकी चमक असली तर उत्तम. दाबल्यावर करकर वाजला तर सुकलाय, काहीच आवाज न करता मऊ दबून तसाच राहिला तर ओला आहे, परत डब्यात.

मग वास. आधी अंगाचा, मग पायाचा. आणि इथे माझं एक म्हणणं आहे. इंग्रजीत सिगारबद्दल वाचलं की सिडर, लेदर, बार्नयार्ड, नटमेग असे शब्द येतात आणि आपण तेच वहीत उतरवतो, सिडरचं झाड कधी बघितलेलं नसताना. ते सोडून द्या. तुमच्या नाकात जे साठलेलं आहे तेच शब्द वापरा, ते जास्त अचूक असतात. मला पायाला जो वास आला तो आंब्याच्या अढीचा होता, भाताचा पेंढा, त्यात उबलेली गोडी. आणि तो वास उगाच नाही, तंबाखूची पानंही ढीग लावून आंबवतात, ढीग आतून गरम होतो, पानातला अमोनिया निघून जातो, अढीत हात घातल्यावर जी ऊब लागते त्याच जातीची ती ऊब.

अमोनियावरून सांगतो, गोठ्याचे दोन वास वेगळे ओळखायला शिका. एक शेणाचा आणि वैरणीचा, नुकत्याच सारवलेल्या खळ्यासारखा, तो चांगला, चांगल्या सिगारमध्ये तो हवाच. दुसरा मुताचा, नाकात टोचणारा, डोळ्यात पाणी आणणारा. तो अमोनिया, सिगार अजून कच्चा आहे. त्याला तीन-चार महिने डब्यात विसरून जा.

कापणं आणि कोरडा झुरका

डोक्यावर टोपीसारखं पान चिकटवलेलं असतं, ते फक्त वरून कापायचं, दीड-दोन मिलीमीटर, गोलाई जिथे सरळ अंगाला मिळते त्याच्या वर. तिथून खाली कापलंत तर रॅपर सुटत सुटत येईल. शेंडी असेल तर शेंडीसकट टोपीची चकती उडवा. दोन पात्यांचा सरळ कटर वापरा, घट्ट धरून एका फटक्यात. पंच म्हणजे भोक पाडायचं यंत्र जाड सिगारला ठीक, 15 मिलीमीटरच्या डोक्यावर त्याने टोपी चिरते. कटर नसला तर नवी ब्लेड चालेल, दात नको, कृपा करून.

आता न पेटवता ओढून बघा. याला कोरडा झुरका म्हणा, आणि ओढताना हवा किती सहज येते त्याला ड्रॉ. शहाळ्याला स्ट्रॉ लावून ओढताना जेवढा जोर लागतो साधारण तेवढा लागला तर बरोबर. मलई अडकल्यावर जसं गाल आत जातात तसं झालं तर सिगार बंद आहे. अशा वेळी आधी अजून एक मिलीमीटर कापून बघा, मग अडलेल्या जागी दोन बोटांत हलके फिरवा. मी माडाचा हीर आत घालून वाट मोकळी करायचा शहाणपणा केला होता, पहिल्या सिगारमध्ये. हीर आत तुटला. अर्ध्या तासाने जो वास आला तो खराट्याचा. बाजारात त्याच्यासाठी लोखंडी बारीक सळई मिळते, तीच घ्या.

कोरड्या झुरक्याची चव लिहून ठेवा, ती नंतर आठवत नाही.

पेटवणं

पेट्रोलचा लायटर नको, वास लागतो. गॅसचा लायटर किंवा लांब काड्यांची आगपेटी, काडीचा गंधकाचा भाग जळून जाऊ द्या आणि मगच जवळ न्या. जेट लायटर वाऱ्यात बरा पडतो पण बारीक पायाला तो दोन सेकंदांत कोळसा करतो, म्हणून ज्वाळेचं टोक एक इंच लांब ठेवा. पाय ज्वाळेच्या वर तिरका धरून फिरवत राहा, पापड भाजतो तसं, ज्वाळा लागता कामा नये, कडा सगळीकडून काळी आणि मग लाल झाली पाहिजे. मग तोंडात धरून फिरवत दोन हलके झुरके. पायावर फुंकर घालून बघा, कुठे अंधार राहिला असेल तर तेवढीच जागा शेका. पहिले दोन-तीन झुरके मोजायचे नाहीत, ती चव आगीची असते.

चाखणं

बारीक सिगार लवकर तापतो, सगळी गोम इथे आहे. जाड सिगारला मिनिटाला एक झुरका चालतो, याला मी दीड मिनिटाला एक धरतो, दोन सेकंदांचा, गाल न आत ओढता. 192 मिलीमीटरचा लान्सेरो सव्वा तास सहज चालतो. पाऊण तासात संपला तर तुम्ही घाई केलीत आणि जी कडू चव आली ती तुमची, सिगारची नाही. अंगठ्याने जळत्या भागापासून इंचभर अलीकडे स्पर्श करून बघत जा, कोमट हवा, चटका लागत असेल तर खाली ठेवा आणि दोन मिनिटं गप्पा मारा.

धूर तोंडात घ्या, जिभेवर फिरू द्या, सोडा. छातीत नाही. जिभेला कळतं फक्त गोड, खारट, आंबट, कडू वगैरे, बाकी सगळं नाकाचं काम. म्हणून चार-पाच झुरक्यांतून एकदा, तोंडातला तीन हिस्से धूर आधी बाहेर सोडून, उरलेला थोडासा तोंड मिटून नाकावाटे हळू सोडायचा. पहिल्यांदा झणका लागेल, मिरच्या भाजताना लागतो तसा, नंतर कमी होतो. याच्याशिवाय मूल्यमापन म्हणजे सर्दी झालेली असताना माशाचं सार चाखण्यासारखं.

सिगारचे मनात तीन भाग करा आणि प्रत्येक भागाला वहीत दोन-तीन ओळी. माझ्या दुसऱ्या सिगारच्या ओळी जशाच्या तशा देतो:

"पहिला भाग: पेंढा, ओली मिरी, म्हणजे सुकलेली काळी नाही तर वेलावरून तोडलेली हिरवी. नाकात झणका, जिभेवर काही नाही. ड्रॉ थोडा जड.

दुसरा: झणका गेला. वाटपासाठी सुकं खोबरं भाजताना कडा तांबूस होतात तेव्हाचा वास!! मागून जायफळ, खूप हलकं. धूर एकदम मऊ, नारळाच्या जाड दुधासारखा. ड्रॉ मोकळा झाला.

तिसरा: बिनसाखरेची कॉफी, नवी कोल्हापुरी चप्पल, मग पावसाच्या पहिल्या सरीची तांबडी माती. शेवटचा दीड इंच कडू, सोडला."

बघा, यात चांगलं-वाईट असं काही लिहिलेलं नाही, नुसतं काय आलं ते. निवाडा नंतर. आणि चव आली नाही तर आली नाही असं लिहा, भाजलेल्या खोबऱ्याचं मी सांगितलं म्हणून तुम्हाला ते यायलाच पाहिजे असं नाही, उद्या घाटावरचा कोणी हाच सिगार ओढून हुरडा आणि गुऱ्हाळ लिहील आणि तोही बरोबर असेल.

मधे काही बिघडलं तर

एका बाजूने पळत जळतोय: सावकाश जळणारी बाजू खाली करून धरा, खालची बाजू थोडी वेगाने जळते. नाही सुधारलं तर मागे राहिलेल्या कडेला ज्वाळा दाखवा. आतून जळून बाहेरचं रॅपर तसंच राहिलं, म्हणजे बोगदा पडला, तर तो बहुतेक वेळा ओला सिगार किंवा वळणाऱ्याची चूक, राख झाडून परत पेटवा. विझला तर लाज वाटून घेऊ नका, बारीक सिगार विझतोच, राख काढा, तोंडातून हलकी फुंकर मारून आतला शिळा धूर बाहेर घालवा आणि मग पेटवा. तासाभराहून जास्त वेळ विझून पडला असेल तर फेका. रॅपरला चीर गेली तर बोटाला किंचित थुंकी लावून ती जागा चेपा, सगळे करतात, कोणी सांगत नाही. राखेच्या रंगावरून लोक फार ज्ञान पाजळतात, पांढरी म्हणजे भारी, करडी म्हणजे हलकी, मी त्याला एकही मार्क देत नाही. बारीक सिगारची राख लांब टिकत नाही, इंचाच्या आत झाडा, नाहीतर लुंगीवर.

मार्क

माझी वाटणी अशी, शंभरातून. ड्रॉ 20, जळणं 15, चव आणि वास 35, तिन्ही भागांत काही बदललं का त्याला 20, ओढून झाल्यावर तोंडात काय राहिलं त्याला 10. बदलाला इतके मार्क मुद्दाम दिलेत, कारण इतका लांब सिगार पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच सुरात वाजत असेल तर तो आखूड घेतलेला बरा होता. किंमतीचे मार्क यात धरत नाही, ते खाली वेगळं एका ओळीत लिहितो, "याच पैशात परत घेईन का", हो किंवा नाही.

एका नगावरून निकाल देऊ नका, निदान दोन ओढा, दोन वेगळ्या ऋतूंत. जमलं तर दुसऱ्या कोणालातरी पट्ट्या काढून कागदाच्या चिकटपट्टीवर अ, ब लिहायला सांगा आणि त्यात एखादा साधा, लिमिटेड नसलेला बारीक सिगार मिसळा. मामेभावाने माझ्यावर हा प्रयोग केला आणि मी साध्याला दोन मार्क जास्त दिले. त्याने ते घरच्या ग्रुपवर टाकलं.

संपताना सिगार चुरगळून विझवायचा नाही, घाण वास सुटतो. करवंटीत वाळू घेऊन त्यात आडवा ठेवा, आपोआप विझेल. पण डोळ्यासमोर विझू द्या, जानेवारीनंतर काजूच्या बागेत गवत इतकं सुकलेलं असतं की एका थोटकाने डोंगर पेटतो.

दुसऱ्या सिगारला 84 आले. परत घेईन का, नाही, इतक्या पैशात पडवीचा पत्रा बदलून होईल. तिसरा डब्यात आहे, 62च्या पुडीबरोबर, मिठाची बरणी कोरडी झाली की काढणार.